गोटफिश आणि घरातील सागरी मत्स्यालय

उष्ण व समशीतोष्ण समुद्रांच्या उथळ पाण्यात, तळाच्या वाळूत सतत काही तरी शोधीत फिरणारा एक मासा आढळतो. त्याच्या हनुवटीखाली बोकडाच्या दाढीसारख्या दोन लांब मिशा असतात. त्यावरूनच इंग्रजीत त्याला गोटफिश हे नाव पडले. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तो नवरै म्हणून ओळखला जातो. प्राणिशास्त्रात त्याच्या कुलाला मुलिडी म्हणतात.

या मिशा केवळ शोभेच्या नाहीत. चव ओळखणारी असंख्य सूक्ष्म इंद्रिये त्यांवर असतात. मासा त्या वाळूत खुपसतो आणि दडलेले कृमी, लहान खेकडे व कोळंबी हुडकून काढतो. काम नसेल तेव्हा त्या गळ्याखालच्या खोबणीत दुमडून ठेवतो.

घरी गोटफिश पाळू इच्छिणाऱ्याने एक गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. समुद्राचा तळ हे या माशाचे भरलेले कोठार असते. टाकीतील वाळू मात्र थोड्याच दिवसांत रिकामी होते. तरीही मासा शोध थांबवीत नाही. पाहणाऱ्याला ती लगबग निरोगीपणाचे लक्षण वाटते. प्रत्यक्षात मासा उपाशी असू शकतो. प्राचीन रोममधील धनिकांना याच कुलातील मुलेट माशाचे मोठे वेड होते. परंतु इसवी सनाच्या पहिल्या शतकातील कृषिलेखक कोलुमेला याने हा मासा अत्यंत नाजूक असून बंदिवास क्वचितच सहन करतो, असे नमूद करून ठेवले आहे.

म्हणून आहाराची व्यवस्था सर्वांत महत्त्वाची होय. कोळंबी, शिंपल्यांतील मांस आणि मासळी यांचे बारीक तुकडे दिवसातून किमान तीन वेळा द्यावेत. ते तळापर्यंत पोहोचतात की वरच्या थरातील चपळ मासेच फस्त करतात, हे पाहावे. पोट खपाटीला गेले किंवा पाठ अरुंद दिसू लागली, तर आहार ताबडतोब वाढवावा.

तळाशी मऊ व बारीक वाळूचा पाच ते आठ सेंटिमीटर जाडीचा थर असावा. धारदार खडीने मिशांना जखमा होतात आणि त्या चिघळतात. मासा वाळू उकरतो, त्यामुळे गाळ वर उठतो. शिवाय भरपूर खाणारा मासा पाणीही लवकर दूषित करतो. यास्तव गाळणयंत्रणा सक्षम हवी. मासा आणण्यापूर्वी, अमोनिया व नायट्राइटचे रूपांतर करणारे जिवाणू टाकीत स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे द्यावेत. तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस आणि पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२३ ते १.०२५ यांदरम्यान राखावे.

दुकानात बोटाएवढे दिसणारे पिल्लू पुढे बरेच मोठे होते. मत्स्यालयांसाठी निवडली जाणारी दुरंगी जात सुमारे ३० सेंटिमीटर, तर भारतीय गोटफिश ४५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो. दुरंगी जातीसाठीही सुमारे ७०० लिटरची, घट्ट झाकणाची टाकी लागते. तोंडात मावणारी कोळंबी वा लहान मासे सोबत ठेवू नयेत. पिवळ्या रंगाची एक जात तर प्रवाळखडकांत टोळीने शिकार करते. काही मासे भक्ष्याचा पाठलाग करतात, तर काही त्याची वाट अडवतात. तांबड्या समुद्रातील या वर्तनाचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला.

रात्री तळाशी विसावलेल्या माशाच्या अंगावर तांबूस डाग उमटलेले दिसले, तर घाबरण्याचे कारण नाही. अनेक जातींत हा बदल नैसर्गिक असतो. विकत घेताना मात्र पोट भरलेले, मिशा अखंड आणि दुकानदारासमोर अन्न घेणारा मासाच निवडावा. एवढी जागा व दिवसातून तीनदा आहार देण्याइतकी सवड नसेल, तर गोटफिश न आणणेच योग्य. एरवी तो काचेपलीकडे, आपल्या डोळ्यांदेखत, वाळू चाळीत उपाशी मरेल.