सांडपाणी मुरवायचे की वैरणीला द्यायचे?

परतीचा पाऊस सरला, शाळूची पेरणी उरकली की गावाचे सांडपाणी नजरेला येऊ लागते. पावसाळाभर ते ओढ्याबरोबर वाहून गेलेले असते. दिवाळीनंतर गटाराच्या तोंडाशी नाहीतर खालच्या रानाच्या बांधाला तुंबते. त्याची सोय लावायची तर हेच दिवस बरे. विहिरींची पातळी उतरू लागते, मजूर ऊसतोडीत पुरते अडकायच्या आत खोदाई उरकून घेता येते.

पाणी थोडेथोडके नसते. जलजीवन मिशनचा हिशेब माणशी रोज ५५ लिटरचा. त्यातले सुमारे ८० टक्के मोरीतून बाहेर पडते. पाच माणसांच्या घरातून २२० लिटर, तर दोनशे उंबऱ्यांच्या वाडीतून ४४ हजार लिटर. हत्ती गवताला एकरी रोज २० हजार लिटर धरले तरी दोन एकर वैरण त्यावर निघते. माण, खटाव, आटपाडी, जतकडच्या माणसाला याचे मोल वेगळे सांगायला नको.

पण सरसकट शोषखड्डे मारत सुटू नये. सरकारी योजनेत खड्ड्याचे माप एकच असते, रान मात्र गावागणिक बदलते. माणदेशी मुरमात मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डा, त्यात दगड-विटांचे तुकडे आणि अलीकडे गाळ अडवणारी छोटी कुंडी एवढ्यावर घरचे पाणी जिरते. तोच खड्डा वाळवा, पलूस, मिरजेच्या काळ्या रानात काही महिन्यांत तुडुंब भरतो. म्हणून आधी फूटभर खोल भोक घ्यावे, रात्रभर पाण्याने भिजू द्यावे, सकाळी पुन्हा भरून तासाला किती बोटे उतरते ते पाहावे. उतरतच नसेल तर खड्ड्याचा खर्च वाया. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून दहा मीटरच्या आत तर खड्डा नकोच.

काळ्या रानाच्या गावाने पाणी उघड्या तळ्यात घ्यावे. वर धरलेल्या दोनशे उंबऱ्यांच्या वाडीला आठवडाभर पाणी थांबवायचे तर चार फूट खोलीचे अडीच-तीन गुंठ्यांचे तळे लागेल. तोंडाशी जाळी, पुढे खडीत लावलेली कर्दळ, मग तळे. डासांसाठी गप्पी मासे सोडावेत. शौचालयाची टाकी या गटाराला जोडू देऊ नये. ग्रामपंचायतीने इथे भीड धरली की पुढचे सगळे बिघडते.

सांगलीत शेरीनाल्याचे पाणी कृष्णेत मिसळण्याचे दुखणे जुने आहे. ते पंपाने धुळगावकडे नेऊन शुद्ध करून शेतीला देण्याची योजना त्यासाठीच आखली गेली. वाडीला पंपाची गरज नाही, उतार साधला की झाले.

साठलेले पाणी कुठल्या पिकाला द्यायचे? हत्ती गवत, मका, कडवळ यांना द्यावे, तेही सरीतून. कापणीच्या आधी दोन आठवडे बंद ठेवावे. मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा, काकडी यांना थेंबही नको. कच्चे खाल्ले जाते ते सगळे यात आले. द्राक्षबागेलाही लांबच ठेवा.

खरा धोका वासाचा नाही, सोड्याचा आहे. कपड्यांच्या पावडरीतला सोडियम काळ्या मातीचे कण सुटे करतो. मग ओली असताना रान चिकट, वाळले की दगड, आणि पाणी वरच उभे राहते. कृष्णाकाठी अति पाण्याने आधीच क्षारपड झालेल्या रानात हे पाणी सोडणे म्हणजे चोपण जमीन हाताने तयार करणे. तिथे पाण्याचा निचरा आधी, सांडपाणी नंतर.

म्हणून पहिली सरी भिजवण्यापूर्वी पाण्याचा आणि मातीचा नमुना तपासून घ्यावा. साताऱ्याकडे बोरगाव आणि कालवडे इथली कृषी विज्ञान केंद्रे, सांगलीकडे कसबे डिग्रजचे कृषी संशोधन केंद्र इथे विचारावे. विद्युत वाहकता आणि सोडियमचे प्रमाण या दोन्ही गोष्टी मागून घ्या, नुसत्या सामूवर भागवू नका. मे महिन्यात नमुना पुन्हा द्यावा. तेव्हा तळे आटलेले आणि क्षार चढलेले असतात.