परीक्षेतील कॉपी : दोष कोणाचा?

फेब्रुवारी-मार्च आला म्हणजे खेडोपाडी दहावी-बारावीच्या परीक्षेची काळजी घराघरांत शिरते. ती काळजी स्वाभाविक आहे. परंतु तिच्या पाठोपाठ पुष्कळ ठिकाणी आणखी एक पाहुणी येते, आणि तिला दारातून परत लावण्याचे धैर्य आपल्यास होत नाही. तिचे नाव कॉपी. तिच्याविषयी आपण उघड बोलत नाही. म्हणून आजच्या पाठात तिचाच विचार करू.

1. भिंतीवर कोण चढले होते?

2015 सालच्या मार्च महिन्यात बिहार राज्यातील वैशाली जिल्ह्यातल्या एका परीक्षा केंद्राची छायाचित्रे देशोदेशीच्या वर्तमानपत्रांत छापून आली. शाळेची इमारत अनेक मजली होती, आणि तिच्या भिंतींवर चढून, खिडक्यांस लोंबकळून, माणसे आतील विद्यार्थ्यांस चिठ्ठ्या पुरवीत होती. ही माणसे मुलांची वैरी नव्हती. ते त्यांचे नातलग व मित्र होते. पाय घसरला तर जीव जाईल हे त्यांस कळत होते, तरी ते चढले. कारण आपण मुलाचे हित करीत आहो असे त्यांस वाटत होते.

बिहारास नावे ठेवणे सोपे आहे. परंतु आपल्या महाराष्ट्रातही परीक्षांतील गैरप्रकार थांबविण्यासाठी 1982 साली कायदा करावा लागला. आणि अजूनही मंडळास कॉपीमुक्तीची मोहीम चालवावी लागते व केंद्रोकेंद्री भरारी पथके पाठवावी लागतात. तेव्हा हा रोग परक्या गावचा नव्हे. आणि वैशालीच्या भिंतीने जे दाखविले, ते आपल्याकडेही खरे आहे : मूल कॉपी करते, पण बहुधा ते ती मोठ्या माणसांपासून शिकते. “सगळेच करतात”, “एवढे वर्ष निघून जाऊ दे”, “सरांशी बोलून ठेवले आहे”, ही वाक्ये मुलाने कोणाच्या तोंडून ऐकली, हे प्रत्येक घराने आपल्या मनास विचारावे.

2. कॉपीत नेमके काय होते?

चोरी व खोटी साक्ष यांविषयीच्या आज्ञा आपली लहान मुलेही म्हणून दाखवितात. कॉपीमध्ये या दोन्ही एकाच वेळी मोडतात. दुसऱ्याचे श्रम आपण उचलतो, ही चोरी. आणि उत्तरपत्रिकेवर आपला क्रमांक घालून “हे मला येते” असे परीक्षकास सांगतो, ही खोटी साक्ष. पुस्तकाचे पान असो, मोबाइल असो, किंवा घरचा अभ्यास यंत्राकडून लिहवून घेऊन आपल्या नावे देणे असो, साधन बदलले तरी कृत्य तेच राहते.

या साक्षीवर पुढे कोणी तरी विश्वास ठेवतो. समजा, एक मुलगी गणितात कॉपी करून उत्तीर्ण झाली व परिचारिकेच्या शिक्षणास गेली. पुढे एका रात्री डॉक्टर तिला सांगतात, “या रोग्यास 250 मिलिग्रॅम औषध द्या.” बाटलीवर लिहिले आहे की 5 मिलिलिटरांत 500 मिलिग्रॅम आहे. आता किती द्यावयाचे? उत्तर अडीच मिलिलिटर. त्रैराशिकाचे साधे उदाहरण आहे. परंतु त्या रात्री खिडकीतून चिठ्ठी टाकण्यास तेथे कोणी नसते, आणि चुकीची किंमत रोग्यास द्यावी लागते.

3. “आता शिकून झाले, मग काय बिघडले?”

कोणी म्हणेल, प्रवेश कसाही मिळो, पुढे मूल मन लावून शिकले म्हणजे झाले. या प्रश्नाचा विचार आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयास करावा लागला. मध्य प्रदेशातील व्यावसायिक परीक्षा मंडळाचा गैरव्यवहार 2013 साली मोठ्या प्रमाणावर उघडकीस आला. खऱ्या उमेदवाराऐवजी तोतया बसविणे, हुशार विद्यार्थ्यास पुढे बसवून मागील उमेदवारास त्याचे पाहून लिहू देणे, असे प्रकार तेथे घडले होते. 2008 ते 2012 या काळात अशा मार्गाने वैद्यकीय महाविद्यालयांत गेलेल्या 634 विद्यार्थ्यांचे प्रकरण न्यायालयापुढे आले. कित्येकांचे शिक्षण तोवर पुरे होत आले होते किंवा झालेही होते. 2016 साली दोन न्यायाधीशांचे एकमत झाले नाही. एकाने सुचविले की, त्यांनी पाच वर्षे सैन्यात सेवा करावी व मग पदवी घ्यावी, म्हणजे त्यांचे ज्ञान समाजाच्या कामी येईल. परंतु 2017 साली तीन न्यायाधीशांनी ती वाट नाकारली, आणि 634 जणांचे प्रवेश रद्दच राहिले. इतक्या वर्षांचे श्रम, आईबापांचा पैसा, सर्व वाहून गेले. कारण पाया खोटा होता.

या गोष्टीची दुसरी बाजू अधिक दुःखाची आहे. त्या 634 जागांवर ज्यांनी बसावयाचे, ती मुले कोठे गेली? प्रामाणिकपणे लिहून ती मागे राहिली, व आपण का मागे राहिलो हेही त्यांस कळले नाही. गरिबाच्या मुलाजवळ शेत नसते, वशिला नसतो; त्याचे प्रमाणपत्र हीच त्याची मिळकत. एखादे केंद्र कॉपीसाठी प्रसिद्ध झाले म्हणजे तेथल्या प्रामाणिक मुलाच्या कागदाकडेही लोक संशयाने पाहतात. म्हणून आपल्या लेकराला चिठ्ठी देणारा शेजाऱ्याच्या लेकराची मिळकत लुटतो.

4. मूळ कोठे आहे?

मुलांस नुसते रागावून हा दोष जाणार नाही. ‘असर’ या पाहणीने 2023 साली ग्रामीण भागातील 14 ते 18 वर्षांच्या मुलांची परीक्षा घेतली, तेव्हा सुमारे शेकडा 25 जणांस आपल्या भाषेतील दुसरीच्या पुस्तकाएवढा मजकूरही सरळ वाचता आला नाही. ज्यास वाचता येत नाही त्याच्यापुढे दहावीची प्रश्नपत्रिका ठेवली, तर तो चिठ्ठीकडे वळणार नाही तर काय करील? कॉपी दहावीत दिसते, पण तिचे बी तिसरी-चौथीत पडलेले असते.

5. आपण काय करावे?

पालकांनी मुलास परीक्षेपूर्वीच सांगावे की, तुझे खरे गुण, कितीही असोत, आम्हांस मान्य आहेत. नापास होणे हा शेवट नव्हे. मंडळ त्याच वर्षी पुरवणी परीक्षा घेते. परीक्षेच्या दिवशी मुलास फाटकापर्यंत पोहोचवून घरी परतावे. खिडकीकडे फिरकू नये.

उपदेशकांनी गावातील लहान मुलांस रोज सायंकाळी पंधरा मिनिटे मोठ्याने वाचावयास बसवावे. भरारी पथकाहून हा उपाय धिमा आहे, पण मुळास हात घालणारा आहे. तसेच दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतलेले प्रवचन आपले म्हणून सांगू नये; ज्याचे त्याचे नाव घ्यावे. मुले आपले कान देऊन ऐकतात, त्याहून अधिक डोळे लावून पाहतात.

मूल पकडले गेले, तर त्यास मारू नये, आणि त्याच्यासाठी खोटेही बोलू नये. त्यास खरे सांगण्यास मदत करावी.

विचारासाठी प्रश्न

(1) आपल्या घरात परीक्षेविषयी कोणती वाक्ये बोलली जातात?
(2) आपल्या गावात पाचवीत असून वाचता न येणारी मुले किती व कोण?
(3) त्यांपैकी एका मुलास वाचावयास शिकविण्याचे काम या आठवड्यात कोण पत्करील?