हरवलेला कागद

(शाळा सुटली तरी शिक्षण पुढे चालू ठेवता येते. मात्र मिळवलेल्या यशाचा पुरावा जपावा लागतो. या पाठात अमेरिकेतील एका परीक्षेची आणि तिच्या नोंदींची माहिती दिली आहे.)

काही मुलांची शाळा मध्येच सुटते. कुणाला घरासाठी कमवावे लागते, तर कुणी आजारी पडते. अशा लोकांसाठी अमेरिकेत 'जी.ई.डी.' नावाची परीक्षा आहे. ती उत्तीर्ण होणाऱ्याचे शिक्षण हायस्कूलच्या शिक्षणाइतके झाले, असे मानतात.

दुसऱ्या महायुद्धात अनेक अमेरिकन तरुण शाळा अर्धवट सोडून सैन्यात गेले. त्यांच्यासाठी १९४२ साली ही परीक्षा सुरू झाली. १९४७ साली न्यू यॉर्क राज्याने ती सामान्य नागरिकांनाही खुली केली.

डेव्ह थॉमस यांनी पंधराव्या वर्षी शाळा सोडली. पुढे त्यांनी 'वेंडीज' ही उपाहारगृहे काढली आणि ते श्रीमंत झाले. पण आपले पाहून मुले शाळा सोडतील, अशी काळजी त्यांना वाटू लागली. म्हणून १९९३ साली, उतारवयात, ते ही परीक्षा उत्तीर्ण झाले.

आता समजा, एक बाई वीस वर्षांपूर्वी ही परीक्षा उत्तीर्ण झाल्या. त्यांचे प्रमाणपत्र पुरात वाहून गेले. आज त्यांना परिचारिकेचे शिक्षण घ्यायचे आहे. महाविद्यालय पुरावा मागते. त्यांनी पुन्हा परीक्षा द्यावी काय? मुळीच नाही! कागद हरवला, तरी नोंद हरवत नाही.

त्या काळातील नोंदी राज्याकडे असतात. म्हणून बाई आज कुठेही राहत असल्या, तरी ज्या राज्यात परीक्षा दिली तिथेच त्यांनी अर्ज करायला हवा. अर्जात जन्मतारीख, परीक्षेचे वर्ष व ठिकाण लिहावे लागते. लग्नानंतर नाव बदलले असेल, तर परीक्षेच्या वेळचे नावही द्यावे लागते. नाही तर नोंद सापडणे कठीण होते. काही ठिकाणी सोबत ओळखपत्र जोडावे लागते. बऱ्याच ठिकाणी शुल्कही पडते.

प्रमाणपत्रावरून उत्तीर्ण झाल्याचे कळते. विषयवार गुण मात्र 'ट्रान्सक्रिप्ट' या उताऱ्यात असतात. पुष्कळ महाविद्यालयांना हा उतारा थेट कार्यालयाकडूनच हवा असतो. त्यामुळे त्यात कुणी फेरफार करू शकत नाही.

आपल्या महाराष्ट्रातही शाळा सुटलेल्यांना सतरा नंबरचा अर्ज भरून दहावीला बसता येते. गुणपत्रिका हरवली, तर विभागीय मंडळाकडून तिची दुसरी प्रत मिळते. मुलांनो, परीक्षेचा अर्ज भरताना आपले नाव आणि जन्मतारीख नीट तपासा. आज चुकलेले एक अक्षर उद्या अनेक खेपा घालायला लावते!

शब्दार्थ
पुरावा – सबूत
परिचारिका – नर्स
उपाहारगृह – हॉटेल
फेरफार – बदल

स्वाध्याय
१. जी.ई.डी. परीक्षा प्रथम कोणासाठी सुरू झाली?
२. डेव्ह थॉमस यांना कोणती काळजी वाटत होती?
३. अर्जात परीक्षेच्या वेळचे नाव का द्यावे लागते?
४. 'कागद हरवला, तरी नोंद हरवत नाही' हे वाक्य तुमच्या शब्दांत समजावून सांगा.