विसार देण्याआधी

गुलमंडी, छत्रपती संभाजीनगर

चि. अद्वैत यास,


वीस वर्षांची बीएमडब्ल्यू एम-थ्री घ्यायचं तुझ्या मनात आहे असं कळलं. ई-४६ पिढीतली ही दोन दारांची गाडी हरखून जावं अशीच आहे. ३,२४६ सीसीचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन, ३४३ अश्वशक्ती, तीही टर्बोच्या मदतीशिवाय, आणि आठ हजार आरपीएमपर्यंत चढत जाणारा आवाज. तिच्यावर जीव जडणं मी चुकीचं मानत नाही. पण एक हिशेब आधी पक्का कर: जुन्या गाडीची किंमत उतरते, तिच्या दुरुस्तीची उतरत नाही. निम्म्या-पाव किमतीत हाती आलेली गाडी वर्कशॉपमध्ये गेली की तिच्या मूळ किमतीच्या तोलानेच पैसे मागते. म्हणून ती घेण्याची ऐपत आज मागितलेल्या रकमेवरून ठरवू नकोस, ती कोरी असताना तिला सांभाळू शकला असतास का यावरून ठरव.

आपल्या शहरात गाडी खरेदीचा विषय निघाला की २०१० चा ऑक्टोबर निघतोच. इथल्या लोकांनी एका दिवसात एकत्र घेतलेल्या दीडशे मर्सिडीज, सुमारे ६५ कोटींचा व्यवहार आणि स्टेट बँकेचं सात टक्क्यांचं कर्ज. त्या अभिमानाच्या भरात सौद्याचं बळ कशात होतं ते विसरलं जातं. गाड्या कोऱ्या होत्या, मागणी एकगठ्ठा होती म्हणून घासाघीस करता आली, बँक मागे उभी होती आणि वॉरंटी हातात होती. तू बघतोयस त्या गाडीला यातलं एकही पाठबळ नाही. एकट्याने घ्यायची, बहुधा रोखीने घ्यायची आणि पहिल्या संध्याकाळपासून प्रत्येक बिघाड तुझा.

बिघाड कुठले, तेही या गाडीच्या बाबतीत जगजाहीर आहे. कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं झिजतात. सुरुवातीच्या गाड्या कंपनीने स्वतःच परत बोलावून ती बदलून दिली होती. बेअरिंग म्हणजे पातळ अर्धगोल पत्रे, पण तिथवर पोचायला पुढची सबफ्रेम खाली उतरवून ऑइल संप काढावा लागतो, म्हणजे पैसा पत्र्यात नाही, मजुरीत जातो. मागच्या बाजूला सबफ्रेम जिथे जोडलेली असते तिथे तळाच्या पत्र्याला तडे जातात. शिवाय रबरी बुश, होज, शीतकाची प्लास्टिकची टाकी हे सारं किलोमीटर बघून नाही, वय बघून वाळतं, आणि मराठवाड्यातल्या मे महिन्यात लवकर वाळतं. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. त्या काळच्या रबराला ते मानवेलच असं नाही. तेव्हा 'फक्त चाळीस हजार चालली आहे' या वाक्यावर भाळू नकोस. जुना ऑइल फिल्टर काढून कापायला लाव, त्याच्या घड्या उन्हात उलगडून बघ. काळं तेल असणारच. पण त्यात चांदीसारखी किंवा तांबूस चमचम दिसली, तर इंजिन आतून झिजतंय आणि सौदा तिथेच संपला.

तू म्हणशील, शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाच्या आणि पुढे ऑडीच्या गाड्या जुळवल्या गेल्या, मग जर्मन यंत्र ओळखणारे हात इथे आहेतच. आहेत, आणि त्या हातांबद्दल मला आदर आहे. पण नवे भाग जुळवणं वेगळं आणि वीस वर्षं कुणी कशीही वापरलेल्या इंजिनाचं दुखणं ओळखणं वेगळं. त्यातही ते घराणं फोक्सवॅगनचं, बीएमडब्ल्यूचं नव्हे. तुझा हा मुद्दा मला दुसरीकडे नेतो. दुसऱ्या पिढीची ऑडी टीटी बघ. तिचा पाया आणि आपल्या शेंद्र्यात जुळवलेल्या स्कोडा लॉराचा पाया एकच, इंजिनांची जातकुळीही जवळची. लॉरावर हात बसलेला मेकॅनिक टीटीला बिचकत नाही. बॉडीचं मात्र तसं नाही. टीटीची बॉडी बहुतांशी ॲल्युमिनियमची, ठोकणाऱ्याचं काम नव्हे. एम-थ्रीची नशा तिच्यात नाही हे मान्य. पण वर्षातले अकरा महिने चालणारी टीटी मला चार महिने चालणाऱ्या एम-थ्रीपेक्षा मोलाची वाटते.

दुसरा आक्षेप गुंतवणुकीचा: अशा गाड्यांचे भाव वाढतात. वाढतात, पण ते स्वच्छ इतिहासाच्या गाडीचे, आणि आपल्याकडे इतिहास म्हणजे आधी कागद. वापरलेली गाडी तीन वर्षांहून जुनी असेल तर ती आयात करता येत नाही. ही पिढी २००६ मध्ये बंद झाली, म्हणजे प्रामाणिकपणे आलेल्या गाडीचं बिल ऑफ एंट्री, म्हणजे सीमाशुल्क खात्याचा आयातीचा कागद, फार तर २००९ च्या आतलं असायला हवं. त्यावरचा चेसिस नंबर आणि पत्र्यावर कोरलेला नंबर आकड्यागणिक जुळव. भूतानमार्गे आणलेल्या गाड्या केरळात २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सीमाशुल्क खात्याने जप्त केल्या, तेव्हा त्या ज्यांच्या नावावर होत्या त्यांच्याच दारातून गेल्या. शिवाय वीस वर्षांवरच्या आयात चारचाकीचं नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क आता ८०,००० रुपये आहे, तेही हिशेबात धर.

राहता राहिला गुलमंडीचा प्रश्न. इथे टिळक पथावर संध्याकाळी स्कूटर सरकत नाही, हे तुला सांगायला नको. गाडी इथे झाकून ठेवायची आणि दिवाळीला काढायची असा बेत असेल तर तो सोड; उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर मरते. बॅटरी बसते, सील वाळतात, वायर उंदरांच्या तोंडी जाते. शहराबाहेर सावंगीच्या बाजूला बंद गाळा मिळाला तर तिथे ठेव, म्हणजे समृद्धी महामार्ग जवळ, आणि पंधरवड्याला इंजिन पूर्ण तापेल एवढी तरी ती चालेल. त्या काँक्रीटवर नेण्याआधी टायरच्या कडेवरचे चार आकडे वाच: २२१७ असतील तर तो टायर २०१७ च्या बाविसाव्या आठवड्यातला आहे, नक्षी कितीही शाबूत दिसली तरी चारही बदलून घे.

सर्व्हिसची जुनी बिलं आणि बिल ऑफ एंट्रीची प्रत मालकाकडून मागून घे आणि मला पाठव. ती देण्यात त्याने टाळाटाळ केली, तर गाडी बघायलाही जाऊ नकोस.

तुझा,
काका