व्यापारी इंग्रजी : ‘बॉल्स इन द एअर’

परदेशी गिऱ्हाइकाशी किंवा मोठ्या कंपनीशी पत्रव्यवहार करताना आपल्या व्यापारी बंधूंना इंग्रजी शब्दांपेक्षा वाक्प्रचार अधिक अडवतात. म्हणून आज आम्ही ‘टू कीप सेव्हरल बॉल्स इन द एअर’ हा वाक्प्रचार घेतला आहे.

शब्दशः अर्थ, अनेक चेंडू हवेत ठेवणे. सर्कशीतला खेळाडू दोन हातांनी तीन-चार चेंडू फेकतो व झेलतो. त्यावरून व्यवहारातला अर्थ झाला, एकाच वेळी अनेक कामे सांभाळणे. आपण मराठीत याला ‘तारेवरची कसरत’ म्हणतो.

उपयोग असा करावा :

1) ‘ही कीप्स मेनी बॉल्स इन द एअर.’ तो अनेक कामे एकदम सांभाळतो. ही प्रशंसा आहे.

2) ‘वी हॅव टू मेनी बॉल्स इन द एअर.’ आम्ही झेपेल त्याहून जास्त कामे घेतली आहेत. ‘टू’ आला की प्रशंसेची तक्रार होते.

3) ‘वी ड्रॉप्ड द बॉल ऑन युवर ऑर्डर.’ तुमच्या मागणीत आमच्याकडून चूक झाली. ही सरळ कबुली आहे.

याच अर्थाचा दुसरा वाक्प्रचार लोहाराच्या भट्टीतून आला आहे : ‘टू मेनी आयर्न्स इन द फायर’. तो इंग्रजीत 16व्या शतकापासून आहे. आपल्या लोहार बंधूंना त्याचा अर्थ सांगायला नको. एक तुकडा ऐरणीवर असताना भट्टीतले बाकीचे जास्त तापतात, ठिणग्या उडू लागतात आणि लोखंड जळून वाया जाते.

एक सावधगिरी. माल उशिरा जाणार असेल तर दुसरे वाक्य सबब म्हणून लिहू नये. वाचणारा एवढेच समजतो की, यांना काम झेपत नाही. त्याऐवजी माल कोणत्या तारखेला मिळेल ते स्पष्ट लिहावे. करारनाम्यात तर वाक्प्रचार वापरूच नयेत.

आता मुख्य गोष्ट. रमजानमध्ये आपले शिंपी बंधू येईल ते कापड ठेवून घेतात. रोज 4 जोड शिवून होत असतील आणि ईदला 20 दिवस असतील, तर हिशेब 80 जोडांचा होतो. आजारपण आणि वीज जाण्यासाठी 10 सोडून 70 जोड झाले की वही मिटावी. एकाहत्तरावा जोड घेतला तर कुणाच्या तरी मुलाची ईद जुन्या कपड्यांत जाईल. ईदनंतर शिवून दिलेल्या कपड्याने ती भरून निघत नाही.

कुरआनात सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीत करार पाळण्याची आज्ञा आहे. पाळता येणार नाही हे ठाऊक असताना ‘इन्शाअल्लाह’ म्हणून वायदा करणे हा त्या पवित्र शब्दाचा अनादर आहे. गिऱ्हाईक परत गेले तर एक जोड जातो, शब्द गेला तर दुकान जाते.