तणनाशक आणि पाण्याचा गुण

पाण्याला रंग नाही आणि वास नाही, म्हणून सारे पाणी सारखेच, असा आपला सर्वसाधारण समज असतो. घरातील गृहिणी मात्र तसे मानीत नाही. एका विहिरीच्या पाण्यात डाळ लवकर शिजते, दुसरीच्या पाण्यात ती शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि तपेल्याच्या तळाशी पांढरे पुट चढते, हे तिला अनुभवाने ठाऊक असते. स्वयंपाकघरातील हे ज्ञान शेताच्या बांधावर पोचले, तर शेतकऱ्याचे पुष्कळ नुकसान टळेल. म्हणून या लेखात तणनाशकाची फवारणी आणि पाण्याचा गुण यांचा संबंध आपण पाहू.

पावसाचे पाणी मूळचे मृदू असते. हवेतील व जमिनीतील कार्बन डायऑक्साइड वायू त्यात विरघळून ते किंचित आम्ल बनते, आणि खडकामातीतून झिरपताना कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार आपल्याबरोबर घेते. अशा पाण्याला शास्त्रात दुष्फेन आणि व्यवहारात जड पाणी म्हणतात. दुष्फेनता दर लिटरमागे किती मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, या मापाने सांगतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने २०० ही इष्ट मर्यादा ठरविली आहे. दुसरे पाणी नसेल तर ६०० पर्यंत चालते. आमच्या या प्रदेशात थोड्याशा प्रवासात दोन्ही प्रकारचे पाणी भेटते. घाटाखाली जांभ्याच्या विहिरीचे पाणी बहुधा मृदू असते, पण काही ठिकाणी त्यात लोह आढळते. घाटावर काळ्या मातीच्या पट्ट्यातील कूपनलिकांचे पाणी पुष्कळदा जड लागते.

आता तणनाशकाकडे वळू. ग्लायफोसेट या द्रव्याचा तणनाशक गुण १९७० साली अमेरिकेतील जॉन फ्रांझ या रसायनशास्त्रज्ञाच्या ध्यानी आला आणि १९७४ मध्ये ते बाजारात आले. ते पानातून शिरून मुळापर्यंत, गाठीपर्यंत जाते. लव्हाळा आणि हरळी यांच्यासारखी तणे वरून कितीही खुरपली तरी जमिनीखालील भागातून पुन्हा फुटतात. तेथे हाच गुण कामी येतो. परंतु ग्लायफोसेटचे कण ऋण विद्युत्भाराचे, तर कॅल्शियम, मॅग्नेशियम व लोह यांचे कण धन भाराचे. पंपाच्या टाकीतच त्यांची जोडी जमते, आणि अशा बांधल्या गेलेल्या औषधाला पानाचे दार सहज उघडत नाही. २,४-डी या जुन्या तणनाशकाच्या अमाइन क्षारालाही जड पाण्यात अशीच अडचण येते. गढूळ पाणी तर त्याहून वाईट, कारण मातीचे सूक्ष्म कण ग्लायफोसेट आपल्या अंगाला घट्ट चिकटवून घेतात.

परिणाम काय होतो? तण पिवळे पडते पण मरत नाही. पंधरवड्यात पुन्हा हिरवे होते. औषधाचे पैसे गेले, मजुरी गेली आणि हंगामाचे दिवसही गेले. शेतकरी म्हणतो, औषधच खोटे. आणि पुढच्या खेपेस मात्रा वाढवितो. वास्तविक दोष पाण्याचा असतो.

यावर उपाय अमोनियम सल्फेट या खताचा. १९५१ साली सिंद्रीच्या कारखान्यात हेच खत तयार होऊ लागले होते. त्यातील सल्फेट कॅल्शियमला अडकवून ठेवते आणि पानावरचा थेंब आटू लागला की कॅल्शियम सल्फेट होऊन वेगळे पडते. मोकळ्या झालेल्या ग्लायफोसेटशी अमोनियमची जोडी जमते, व ती जोडी पानात सुलभतेने शिरते. सामान्यतः शेकडा एक ते दोन, म्हणजे लिटरला १० ते २० ग्रॅम, असे प्रमाण सांगितले जाते. १६ लिटरच्या पंपास हा हिशेब १६० ते ३२० ग्रॅम होतो. येथे क्रम फार महत्त्वाचा आहे. टाकी निम्मी भरावी, खत पूर्ण विरघळवून गाळून घ्यावे, मग तणनाशक घालावे आणि शेवटी उरलेले पाणी. औषध आधी पडले तर कॅल्शियमशी त्याची गाठ आधीच पडते. ग्लायफोसेटचे मिश्रण जस्ताचा मुलामा दिलेल्या भांड्यात कधी करू नये. त्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो.

दुसरे पूरक द्रव्य म्हणजे ज्यास शेतकरी 'स्टिकर' म्हणतात ते. अळवावरचे पाणी आपण सर्वांनी पाहिले आहे. पान मेणचट, म्हणून थेंब मोत्यासारखा गोल राहतो आणि घरंगळतो. पाण्याचा पृष्ठताण कमी केला की तोच थेंब पसरतो व पानाला बिलगतो. पण अति तेथे माती! हे द्रव्य जास्त झाले तर फवारा पानावरून ओघळून जातो. काही औषधांत ते कारखान्यातच मिसळलेले असते, म्हणून डब्यावरील सूचना वाचल्यावाचून काही घालू नये. लिंबाचा रस सर्वत्र गुणकारी, हा समजही खरा नाही. सल्फोनिलयुरिया वर्गातील तणनाशके आम्ल पाण्यात उलट विघटन पावतात.

विद्यार्थ्यांनी औषधाला हात लावू नये. पाण्याची परीक्षा मात्र अवश्य करावी. पावसाचे, विहिरीचे, कूपनलिकेचे व नळाचे पाणी चार सारख्या बाटल्यांत सारखे घ्यावे. प्रत्येकीत साबणाच्या पाण्याचे सारखे थेंब टाकून सारखाच वेळ हलवावे आणि फेसाची उंची पट्टीने मोजावी. साबण जुना, साधा घ्यावा. कपड्यांच्या पुडीला जड पाण्यातही फेस येतो, म्हणून ती येथे निरुपयोगी. जेथे फेस कमी, तेथील पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घेण्यास घरातील वडीलधाऱ्यांना सांगावे.

एक गोष्ट विसरता कामा नये. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ग्लायफोसेटला संभाव्य कर्ककारकांच्या वर्गात घातले, आणि २०२२ मध्ये भारत सरकारने त्याच्या वापरावर निर्बंध घालणारी अधिसूचना काढली. हे विष आहे आणि ते प्रशिक्षित माणसानेच, नियमांत राहून हाताळावयाचे आहे. पाण्याचा गुण ओळखून योग्य मात्रा एकदाच पडली, तर दुसऱ्यांदा विष ओतण्याची वेळ येत नाही. खुरपे, आच्छादन आणि पिकांची फेरपालट यांचे मोल तर त्याहूनही मोठे आहे. शास्त्र शिकावयाचे ते अधिक औषध वापरण्यासाठी नव्हे, तर कमीत कमी औषधात काम भागविण्यासाठी.