एनएसएसचे 240 तास आणि तुमचं दुकान

व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून हा विषय इथे जरा सविस्तर घेऊया. कॉलेजात केलेली समाजसेवा धंद्यात उपयोगी पडते का? घरचे म्हणतात, "तिथे फुकट राबण्यापेक्षा दुकानात बस." माझं मत वेगळं आहे.

आधी योजना समजून घ्या. राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे आपली एनएसएस, 24 सप्टेंबर 1969 ला सुरू झाली. गांधीजींचं जन्मशताब्दी वर्ष होतं ते. सुरुवात 37 विद्यापीठांपासून झाली. स्वयंसेवकाने वर्षाला 120 तास, म्हणजे दोन वर्षांत 240 तास काम करायचं आणि सात दिवसांचं एक निवासी शिबिर करायचं, बहुतेक वेळा कॉलेजने दत्तक घेतलेल्या गावात. बरेच जण सर्टिफिकेटसाठी नाव देतात. देऊ देत, त्यात काही वाईट नाही. फक्त हजेरीपुरतं जाऊन कोपऱ्यात मोबाईल बघत बसलात, तर मात्र हातात तो कागदच राहतो.

खरं शिक्षण शिबिरात होतं. समजा तुम्ही गटप्रमुख आहात, सोबत दहा-बारा मुलं. त्यांना तुम्ही पगार देत नाही, त्यामुळे पगार कापायची भीती घालता येत नाही. कामावरून काढताही येत नाही. एक जण सकाळी उठत नाही, दुसऱ्याला घमेलं उचलायचं नाही, दोघींचं आपसात पटत नाही, आणि गावातले आजोबा येऊन सांगतात, "बंधारा इथे नको, पलीकडे घाला." (आजोबांचं ऐका. पाणी कुठून येतं ते त्यांनी पन्नास पावसाळे बघितलंय.) इथे आवाज चढवून काही होत नाही. आधी स्वतः फावडं उचलावं लागतं. कोणाला काय जमतं ते बघून काम वाटावं लागतं. चिडलेल्याला चारचौघांत नाही, बाजूला घेऊन बोलावं लागतं.

आता टिटवाळ्यातलं दुकान डोळ्यांसमोर आणा. मंदिराच्या रस्त्याला हार-प्रसादाचा स्टॉल आहे आणि मंगळवारी संकष्टी आली, म्हणजे अंगारकी. त्या दिवशी एकट्याने भागत नाही. चुलत भाऊ, मित्र, शेजारचा मुलगा असे तिघं मदतीला येतात. पगारी एकही नाही. गल्ल्यावर कोण, मागून माल कोण आणणार, सुट्टे पैसे कोणाकडे, जेवायला कोण कधी जाणार, हे आदल्या रात्री ठरलेलं नसेल तर ऐन गर्दीत भांडण ठरलेलं. शिबिरात स्वयंपाकाच्या पाळ्या लावलेल्या मुलाला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

पगारी माणसाचंही तेच. तुमच्याकडचा मुलगा थोड्या जास्त पैशासाठी लोकल पकडून कल्याण-डोंबिवलीला जाऊ शकतो. तुम्ही मॉलएवढा पगार देऊ शकत नाही. तो थांबला तर त्याचं कारण तुमचं वागणं, शिकवणं आणि वेळेवर दिलेला पगार, एवढंच असेल.

एक गोष्ट मात्र मला अजिबात पटत नाही: सेवेच्या कामात दुकानाचा बॅनर लावणं. लोकांना लगेच कळतं, आणि पुढच्या वेळी ते तुमची मदतही जाहिरात म्हणूनच बघतात.

आता होमवर्क. एनएसएसमध्ये असाल तर एक साधी वही करा. प्रत्येक कामानंतर तीन ओळी लिहा: माझ्याकडे कोणती जबाबदारी होती, कुठे अडलं, मी काय केलं. माझ्याकडे कामाला येणारा मुलगा "एनएसएसला होतो" म्हणाला, की मी हेच तीन प्रश्न विचारतो. सर्टिफिकेट नंतर बघतो.

कॉलेज संपलं असेल तर गणेशोत्सव मंडळात किंवा रक्तदान शिबिरात जा, पण माईक मागू नका. हिशेब, पाणी नाहीतर चपलांचा स्टँड मागून घ्या. पुढच्या व्हिडिओत पहिल्या मदतनिसाचा पगार कसा ठरवायचा ते बघू, तोपर्यंत निदान चार पानं भरलेली असू देत.